ऑडी टीटी २००१: कंपनीचा टेप डॅशबोर्डमधून निघत नाही, आत कॅसेट अडकली आहे

कोपरीकरीण

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय. अर्धवट माहिती दिली की सल्लेही अर्धवटच मिळतात.

गाडी ऑडी टीटी कूपे, पहिल्या पिढीची, १.८ टर्बो, २००१ ची. काका लेस्टरला नोकरीला होते. २००३ मध्ये कायमचे परत आले तेव्हा गाडी सोबत आणली. उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली, त्यामुळे मुंबई बंदरातून रीतसर सुटली आणि ठाणे आरटीओचा एमएच-०४ नंबर पडला. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०१८ ला पासिंग करून घेतलं, २०२३ ला पुन्हा. आता काकांच्या गुडघ्यांना क्लच झेपत नाही, म्हणून गाडी माझ्याकडे कोपरीला असते, सोसायटीच्या स्टिल्टमध्ये. खाडी जवळ आहे, दमट हवा बारा महिने.

टेप कंपनीचाच आहे, ऑडी कॉन्सर्ट, कॅसेटवाला. ॲल्युमिनियमचं झाकण खाली पाडलं की दिसतो तो. त्यात एक कॅसेट अडकली आहे. बाहेर काढायचं बटण दाबलं की मोटर क्षणभर घुरघुरते आणि गप्प होते.

ती कॅसेट म्हणजे आमच्या आजीच्या ओव्या. १९९४ साली काकांनी ओतूरच्या घरी पडवीत बसून भरलेल्या. जातं फिरतंय, मागे कोंबड्या आहेत, मधेच कुणीतरी पाणी मागतंय, असं सगळं त्यात आहे. दुसरी प्रत नाही. आजी गेली त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्यामुळे 'जुना टेप फेका, टचस्क्रीन लावा' हा सल्ला कृपया नको. टेप मेला तरी चालेल, कॅसेट धड हवी.

आता अडचण. कॉन्सर्टला चारही कोपऱ्यांत बारीक चिरा असतात, त्यात चपट्या चाव्या घालायच्या. ऑनलाइन चार चाव्यांचा सेट मागवला. तीन चाव्या आत जाऊन टिक करून बसल्या. उजवीकडची खालची आत जाते, पण टिक होत नाही. हलकं ओढलं तर डावी बाजू साधारण पाच मिलिमीटर पुढे येते, उजवी ढिम्म. आणि डाव्या चाव्या आता निघतही नाहीत.

एका ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारलं. तिथला मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊनच आला, म्हणाला उचकटून काढतो, चौकट तुटली तर नवीन फ्रेम बसवू. मी गाडी वळवून घरी आणली.

कुणी हा टेप काढलाय का? उजवी बाजू सोडवायची कशी?

खारघरचा_ऑक्टाव्हियावाला

माझ्या २००५ च्या ऑक्टाव्हियाचा टेप असाच अडला होता. चिरेत डब्ल्यूडी-४० चा भरपूर फवारा मारला, रात्रभर ठेवलं, सकाळी दोघांनी मिळून ओढला. आला. गंज असणार, दुसरं काही नाही. चाव्या ऑनलाइनच्या मऊ असतात, वाकतात, त्या जपा.

तुर्भेचा_फिटर

ताई, आधी ओढणं थांबवा. आणि डब्ल्यूडी-४० चा फवारा तर अजिबात नको. दादांच्या गाडीत चाललं असेल, पण त्यांच्या टेपात आजीची कॅसेट नव्हती. फवारा चिरेतून थेट आत उडतो, तेलाचा थर पिंच रोलरच्या (फीत पुढे सरकवणाऱ्या चाकाच्या) रबरावर आणि कॅसेटच्या फितीवर बसतो. मग टेप निघेल, पण फीत चिकट झालेली असेल.

मी १९९३ पासून गाड्यांचे टेप बसवतोय. सुरुवात लॅमिंग्टन रोडला, नंतर तुर्भ्याला. टेप तुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: आत काय धरून ठेवलंय हे न बघता ओढलेलं असतं. म्हणून आधी तेच सांगतो.

टेपच्या दोन्ही अंगांना स्प्रिंगच्या पोलादाची पाती असतात. टेप आत सरकवला की ती उसळून डॅशबोर्डमधल्या चौकटीच्या खाचेत बसतात. चावी घातली की पातं आत दबतं, आणि चावीच्या कडेची खाच त्याच पात्याला अडकते. म्हणजे तीच चावी कुलूपही उघडते आणि ओढायची मूठही होते. टिक झाल्यावर चावी परत येत नाही ती यामुळेच. टेप बाहेर आला की बाजूने पातं बोटाने दाबायचं, चावी आपोआप सुटते. तुमच्या डाव्या चाव्या निघत नाहीत, म्हणजे त्या बरोबर बसल्यात. त्यांची काळजी सोडा.

आता उजवी खालची. पाच मिलिमीटर डावीकडून पुढे आलाय म्हणजे टेप तिरका झाला, आणि सगळा भार त्या एका न सुटलेल्या पात्यावर आला. तुम्ही ओढता तेव्हा ते पातं खाचेच्या कडेवर आणखी घट्ट दाबलं जातं. अशा दाबलेल्या पात्याला चावी हलवूच शकत नाही. म्हणून उलटं करायचं: टेप आधी आत ढकलायचा.

दोन्ही तळव्यांनी, बटणांवर नाही, कडांवर जोर देऊन टेप सरळ आत दाबा, डावी बाजू पुन्हा उजवीच्या रेषेत येईपर्यंत. मग उजव्या खालच्या कोपऱ्यावर अंगठ्याने आतल्या बाजूला दाब धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने ती चावी घाला. पात्यावरचा भार गेलेला असतो, त्यामुळे ते दबतं. टिक हाताला कळते, कानाला कळेलच असं नाही.

त्याआधी चावीची दिशा तपासा. डाव्या आणि उजव्या चाव्या सारख्या नसतात, एकीची खाच दुसरीच्या उलट दिशेला असते. उजवीकडची वरची बसलीय ना, तिच्याशी ताडून बघा. सेटमध्ये दोन डाव्या आणि दोन उजव्या असायला हव्यात. स्वस्त सेटमध्ये तीन एका बाजूच्या आणि एक दुसरीची आलेली मी पाहिली आहे.

चावीचं टोक वाकलं असेल तर ती वापरू नका. वागळे इस्टेटमध्ये लेझर कटिंगवाल्याकडे एखादी चांगली चावी नमुन्याला न्या, तेवढ्याच जाडीच्या स्टेनलेस पत्र्यातून कापून देतात. कडा कानशीने मऊ करून घ्या, नाहीतर चिरेच्या प्लॅस्टिकला ओरखडे पडतील.

एवढं करूनही बसली नाही तर पात्यावर गंज धरलाय. कोपरीच्या हवेत ते नवल नाही. फीलर गेजची (फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा) सगळ्यात पातळ पट्टी घ्या, टोकाला मशीन ऑइलचा एक थेंब, जास्तीचं कापडाने टिपून काढा, आणि त्या चिरेतून बाहेरच्या कडेला घासत आत न्या. दोनचारदा आतबाहेर केलं की पातं मोकळं होतं. तेल फक्त पट्टीवर जेवढं चिकटतं तेवढंच आत जातं.

चारही चाव्या बसल्या की मगच ओढा. चाव्यांच्या भोकांतून जाड दोरी ओवा, डावीकडच्या दोन एकत्र, उजवीकडच्या दोन एकत्र, आणि दोन्ही दोऱ्या सारख्या ताणा. झटका नाही. झाकणाला हात लावून ओढायचं नाही, ते ॲल्युमिनियमचं झाकण पुन्हा मिळायचं नाही.

आणि काहीही सुटं करण्याआधी टेपचा कोड शोधा. चार आकडी असतो, कागदपत्रांबरोबर छोटं कार्ड दिलेलं असतं. वीज तुटली की हा टेप 'सेफ' दाखवतो आणि कोड मागतो. दोनदा चुकीचा घातला तर तासभर लॉक होतो.

कोपरीकरीण

दादा, मनापासून धन्यवाद. इतकं नीट मला कुणीच सांगितलं नव्हतं.

सेटमध्ये खरंच गडबड निघाली. तीन चाव्या एकाच बाजूच्या होत्या. दुसरा सेट मैत्रिणीच्या भावाकडून मिळाला. आत ढकलून, कोपरा अंगठ्याने धरून घातली, आणि टिक झाली! हाताला कळली, तुम्ही म्हणालात तशीच. त्याआधी फीलर गेजची पट्टी फिरवली तर तपकिरी भुकटी बाहेर आली.

कोडचं कार्ड काकांनी जपून ठेवलेलं निघालं, लेस्टरच्या सर्व्हिस बुकच्या खिशात.

दोऱ्यांनी ओढल्यावर टेप सरळ, दोन्ही बाजू एकत्र, अंगठ्याच्या पेराएवढा बाहेर आला आणि थांबला. आता तो तिरका नाही. मागून काहीतरी धरल्यासारखं वाटतंय, थोडं ओढलं की रबरासारखं परत खेचतं. मी तिथेच सोडलंय. टॉर्च मारून फटीतून बघितलं तर काळ्या इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला वायरचा जुडगा दिसतो, टेपच्या मागच्या अंगाला वळून गेलेला. ही कंपनीची वायर वाटत नाही.

तुर्भेचा_फिटर

नाही, ती कंपनीची नाही. कंपनीची वायरिंग कापडी टेपमध्ये असते आणि कपलरपाशी, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगपाशी, नीट वळवलेली असते. चमकदार काळी इन्सुलेशन टेप म्हणजे नंतर कुणीतरी काम केलंय. दोन हजारच्या दशकात ज्याला त्याला सायरनवाला अलार्म आणि रिमोट लॉक बसवून घ्यायचं वेड होतं. फिटर चावीचा करंट, म्हणजे गाडीची चावी फिरवल्यावर येणारा, टेपच्या मागून घ्यायचा, कारण तिथे हात लगेच पोचतो. काकांना विचारा, भारतात आल्यावर अलार्म बसवला होता का.

आता ओढू नका. तो जुडगा कपलरच्या वायरींना बांधलेला असणार, आणि तुम्ही ओढताय ती ओढ टेपवर नाही, गाडीच्या वायरिंगवर येतेय. तिथली एक वायर पिनमधून निसटली तर कुठली ते शोधत बसावं लागेल.

मागून हात घालायचा. आपल्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स डावीकडे असतो, तो काढला की टेपच्या मागच्या बाजूला बोटं पोचतात. आधी गाडीची चावी काढा, बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. १.८ टर्बोला बॅटरी बॉनेटखालीच आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या आसपास पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही.

जुडगा कुठे बांधलाय ते बोटांनी चाचपा. इन्सुलेशन टेपची गाठ ब्लेडने नाही, छोट्या कात्रीच्या बोथट टोकाने उकला. गरमीत तिचा डिंक वितळून चिकट झालेला असतो, सावकाश निघते. मग अँटेनाची पिन आणि मागचे कपलर एकेक करून. मोबाईलने आधी फोटो काढून ठेवा.

सानपाड्याची_फीत

मी जुन्या कॅसेट आणि रीळ डिजिटल करते, घरीच, बहुतेक लोकगीतं आणि कीर्तनं. कॅसेटबद्दल मला बोलू द्या, कारण टेप बाहेर आल्यावरचा पहिला अर्धा तासच महत्त्वाचा आहे.

टेप टेबलावर आला की करंट देऊन कॅसेट बाहेर काढायचा प्रयत्न करू नका. मोटर घुरघुरते आणि थांबते, याचा अर्थ बहुधा पट्टा ताठर झालाय किंवा फीत कॅपस्टनभोवती गुंडाळली आहे. दुसरं असेल तर मोटर जितकी फिरेल तितकी फीत आणखी ओढली जाईल.

वरचं झाकण उघडा आणि आधी फक्त बघा. कॅपस्टन म्हणजे तो बारीक चकचकीत दांडा, त्याच्याशी रबराचं चाक टेकतं. फितीचा फास त्याच्याभोवती असेल तर रबराचं चाक बोटाने मागे धरा आणि कॅपस्टनचं जाड चाक, फ्लायव्हील, हाताने उलटं फिरवा. फास एकेक वेढ्याने सैल होतो. चिमटा नको, चिमट्याने फितीला सुरकुती पडते आणि सुरकुती ऐकू येते. फास मोकळा झाला की कॅसेट वर-खाली नेणाऱ्या मोटरचं दातेरी चाक हाताने फिरवून कॅसेट उचला.

कॅसेट कुठली आहे? सी-६० असेल तर बरं. सी-६० ची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असते, सी-९० ची १२ च्या आसपास. पातळ फीत ओढली गेली की कायमची लांबते आणि आवाज हेलकावे खातो.

बाहेर आल्यावर लगेच वाजवू नका. कवच स्क्रूचं असेल तर उघडता येतं, चिकटवलेलं असेल तर नवीन स्क्रूच्या कवचात रीळ हलवायचं. चांगल्या डेकवर एकदा पूर्ण पुढे-मागे करून मगच रेकॉर्डिंग. हेडचा (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा) कोन त्या कॅसेटपुरता जुळवून घ्यावा लागतो. पडवीत भरलेल्या रेकॉर्डिंगला तर नक्कीच, कारण घरगुती टेपरेकॉर्डरचा कोन क्वचितच बरोबर असायचा. तो जुळला की जात्याच्या घरघरीतून शब्द वर येतात. आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर कुणी सुचवलं तर मूळ फाइलला लावू नका, प्रतीला लावा. जातं हा त्या रेकॉर्डिंगचा भाग आहे.

सानपाडा स्टेशनजवळ राहते. हवं असेल तर घेऊन या, पैसे नकोत. ओव्यांची एक प्रत माझ्याकडे ठेवायला दिलीत तर मला आनंद होईल, पण ती अटही नाही.

कोपरीकरीण

टेप बाहेर आला.

अलार्मच होता. काका म्हणाले, २००४ मध्ये बसवला होता, वर्षभरात बंद पडला आणि पुढे विसरला गेला. त्याचा जुडगा टेपच्या मागच्या कपलरला दोन ठिकाणी बांधलेला आणि उरलेली वायर टेपच्या मागच्या कोपऱ्यात वेढे घालून कोंबलेली. ग्लोव्ह बॉक्स काढून गाठी उकलल्यावर टेप हातात आला, कुठलाही जोर न लावता. चौकटीला ओरखडा नाही. खालचं उजवं पातं गंजून लाल झालंय, बाकी तीन चकचकीत.

गंज त्याच कोपऱ्यात का, ते पाहिलं. पुढच्या काचेखालची जाळी उघडली तर गुलमोहराची कुजलेली पानं आणि शेंगा भरलेल्या. पाणी जायची वाट बंद होती आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या कार्पेटखालचा फोम ओला होता. तो काढून गच्चीवर वाळत घातलाय. ज्यांच्या गाड्या झाडाखाली असतात त्यांनी पावसाळ्याआधी ही जाळी जरूर बघावी.

कॅसेटची फीत कॅपस्टनभोवतीच होती. ताई, तुम्ही सांगितलं तसं फ्लायव्हील उलटं फिरवून सोडवली. काही इंच फितीवर सुरकुत्या आहेत, पण तुटलेली नाही. सी-६०, पाच स्क्रूंचं कवच. रविवारी दुपारी सानपाड्याला घेऊन येते. काकाही येणार आहेत. आणि प्रत तुमच्याकडे नक्की राहील. ओव्या कुणीतरी ऐकाव्यात म्हणूनच काकांनी भरल्या होत्या.

नेरूळचा_रात्रपाळीवाला

विषय तुमचा आहे, पण मधे विचारतो. माझ्याकडेही त्याच काळातली ऑडी आहे, टेप पूर्ण मेलाय, ब्लूटूथवाला नवीन सिंगल डिन टेप घेतलाय. साइज तर १८० बाय ५० मिलिमीटरची ठरलेलीच असते. कपलर सारखाच दिसतो. सरळ लावला तर चालेल ना?

तुर्भेचा_फिटर

दादा, सरळ लावू नका. कपलर बसतो, पण वायरी तशा नाहीत.

एक: त्या काळच्या ऑडी आणि फोक्सवॅगनमध्ये पॉवरच्या कपलरवर एक वायर गाडीच्या डायग्नोस्टिकची असते, के-लाइन म्हणतात. बाजारातल्या टेपमध्ये त्याच पिनवर दुसरंच काहीतरी असू शकतं. मग स्कॅनर लावला की गाडी बोलत नाही, आणि नशीब वाईट असेल तर मीटरचं किंवा कंट्रोल युनिटचं नुकसान. वायरिंग डायग्राम बघून ती पिन ओळखा आणि वेगळी करून टोक इन्सुलेट करा. कापू नका.

दोन: चावीचा करंट आणि डायरेक्ट करंट (चावी बंद असतानाही मिळणारा), म्हणजे कपलरची चौथी आणि सातवी पिन, नेहमीच्या टेपपेक्षा उलट असतात. न बदलता लावलं तर प्रत्येक वेळी गाडी बंद केली की टेप सगळी स्टेशनं विसरतो. नवीन टेपच्या वायरीवर लाल-पिवळे सुटे जोड दिलेले असतात, ते अदलाबदल करा. मल्टिमीटरने मोजून, अंदाजाने नाही.

तीन: अँटेनाच्या आत ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला करंट अँटेनाच्या वायरीतूनच मिळतो. त्यासाठीचा अडॅप्टर लावला नाही तर एफएम खरखरतं, आणि लोक नव्या टेपला दोष देतात. काही गाड्यांत मागचे स्पीकरही वेगळ्या ॲम्प्लिफायरवर असतात, बोस असेल तर सगळेच. पुढचा आवाज आला आणि मागचा आला नाही तर स्पीकर उचकटू नका, ॲम्प्लिफायर चालू करणारी वायर जोडली का ते बघा.

आणि कोपरीच्या ताई, टेप परत बसवण्याआधी चारही पाती बारीक पॉलिश पेपरने साफ करून कोरडी करा, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. डॅशबोर्डमधल्या चौकटीच्या खाचाही बघा, गंज तिथेही असतो. टेपच्या खोक्यावर एयूझेडने सुरू होणारा नंबर आहे, त्याचा फोटो काढून ठेवा. कोडचं कार्ड कधी हरवलंच तर कंपनीच्या डीलरला तोच नंबर लागतो. अलार्मची मेलेली वायरिंग पूर्ण काढून टाका, पण जिथे जिथे तिने गाडीची वायर सोलून जोड मारलाय तिथे सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवा. त्यानंतर बॅटरी जोडा.